पाठ फिरवून बोलायचं नाही

"सील माझ्यासमोर फोडायचं," दादाने काउंटरवर बोट आपटून सांगितलं. "खोकं आधी माझ्या हातात द्यायचं. मी बघणार, मग तुम्ही हात लावायचा. काय?"

"हो काका, एकदम," टायवाला म्हणाला.

टायवाला म्हणजे दुकानातला विक्रेता. नाव त्याच्या खिशावरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं, पण टाय इतका लांब आणि इतका चकचकीत, की पट्टीकडे कुणाचं लक्ष जाणार! दादा बोलायचा तेही असं, की पलीकडे टीव्ही बघायला आलेलं जोडपं मागे वळून बघायचं. दादाचा आवाज पहिल्यापासून मोठा. घरात भांडण चाललंय की मीठ मागतोय, बाहेरून कळायचं नाही.

शेजारी त्याची बहीण उभी होती. तिला सगळे धाकटी म्हणत. गुडघे धरून चालायची, दोन नातवंडांची आजी झालेली, पण थोरला भाऊ डोक्यावर आहे तोवर बाई धाकटीच राहणार, त्याला इलाज नाही. दादाने येताना वाटेतच तिला दम भरला होता, "दुकानात तू मध्ये बोलायचं नाहीस. दोन माणसं बोलली की दुकानदाराचं फावतं. एकाने बोलायचं, एकाने बघायचं."

फोन घ्यायचा ठरल्यापासून दादाने नुसता अभ्यास चालवला होता. पेपरात फसवणुकीबद्दल काही छापून आलं की कात्रण काढून ठेवायचं आणि ते धाकटीला वाचून दाखवायचं. ऑफर आजच्या दिवसापुरती आहे म्हणाले, की समजायचं ती उद्याही आहे. कव्हर फुकट देतो म्हणाले, की त्याचे पैसे फोनमध्ये आधीच लावलेत. काचेच्या कपाटातला फोन घ्यायचा नाही, तो दहा जणांनी हाताळलेला असतो. ताकसुद्धा फुंकून पिणारा माणूस. गल्लीत कुणाला पंखा घ्यायचा असो की शिलाई मशीन, दादाला बरोबर न्यायचे. "दादाला कुणी टोपी घालू दे, मी मिशी काढीन," असं शेजारचा न्हावी म्हणायचा, आणि न्हाव्याला मिशी भारी प्यारी होती.

पण एक गोष्ट न्हाव्याला माहीत नव्हती. म्हणजे माहीत असेलही, पण बोलला नव्हता. दादाला ऐकू येत नव्हतं.

उगीच आलेलं बहिरेपण नव्हतं ते. सारी उमर कापड गिरणीच्या विणकाम खात्यात गेलेली. शेकडो माग एकदम चालायचे, त्यात माणसाने बोंब मारली तरी शेजारच्याला ऐकू जायची नाही. त्या खात्यात कुणी कानाने ऐकायचंच नाही. तोंडाकडे बघायचं. ओठ मोठे करून, आवाज न काढता बोलायचं, आणि उरलेलं हाताने. तळहात खाली दाबला की माग थांबव. डोक्यावर टोपी चढवल्यासारखं केलं की मुकादम येतोय. दोन बोटं ओठांना लावून पुढे उघडली की कळलं नाही, पुन्हा सांग. धाकटीही त्याच खात्यात मागांसाठी सुताच्या कांड्या भरायला होती, पण लग्नानंतर सुटली, म्हणून तिचे कान वाचले.

खात्याचे दोन रिवाज होते. एक, समोरचा बोलत असला की मान हलवत राहायची. त्याचा अर्थ 'हो' नव्हे. त्याचा अर्थ, माझं लक्ष तुझ्या तोंडाकडे आहे, बोल पुढे. आणि दुसरा, पाठ फिरवून बोलायचं नाही. ज्याच्याकडे पाठ करून तुम्ही बोललात, त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याच्याविरुद्धच बोललात. त्यावरून खात्यात हाणामाऱ्या झालेल्या.

गिरणी बंद पडली. दादा घरी आला आणि बाहेरच्या जगातली माणसं पुटपुटतात, अशी त्याची तक्रार सुरू झाली. हल्लीच्या पोरांना तोंड उघडून बोलायला काय होतं? हा रेडिओ बिघडलाय. फोनची लाईन खराब आहे. वहिनी होती तोवर ती दादासमोर बसून, तोंड वर करून सगळं बोलायची. कुणाला कळलंही नाही की ती बाई दिवसभर नवऱ्याला जग वाचून दाखवतेय. वहिनी गेली आणि ते काम न सांगता धाकटीकडे आलं. ती दादाच्या वरच्या मजल्यावरच राहायची. दोघांत कधी शब्दाने बोलणं झालं नाही. दादा म्हणायचा लाईन खराब आहे. धाकटी म्हणायची, हो रे, फारच खराब.

दादाची एकुलती एक लेक लांब, विमानाने जावं लागतं अशा गावी दिलेली. दर रविवारी तिचा फोन यायचा. दादा बटणांचा फोन कानाला लावून "हां, हां. बरं आहे. जेवलीस का? बरं, आत्याशी बोल," एवढं म्हणायचा आणि फोन धाकटीकडे द्यायचा. लेकीला वाटायचं, आई गेल्यापासून बाबा तुटक झालेत. एकदा ती रडलीही होती, "आत्या, बाबांना माझ्याशी बोलायला नको वाटतं का गं?" धाकटीच्या जिभेवर आलं होतं, पण तिने गिळलं. कारण दादा समोर बसून तिच्या ओठांकडे बघत होता.

दादाला फोन का हवाय, हे धाकटीला दुकानात येईपर्यंत कळलं नव्हतं. तिला वाटलं, हौस.

"चेहरा नीट दिसेल ना?" दादाने टायवाल्याला विचारलं. "समोरचा माणूस बोलताना? हलतो तेव्हा फाटत नाही ना चित्र?"

"काका, हा बघा. याच्यासारखा डिस्प्ले नाही दुकानात." टायवाल्याने शोकेसमधला एक फोन दादाच्या हातात दिला, तसाच दुसरा धाकटीच्या हातात, आणि दोन्ही जोडून दिले. "काकू, तुम्ही तिकडे पंख्यांपाशी जा. काका तुम्हाला बघतील."

धाकटी गेली. पंख्यांची घरघर, टीव्हींचा गोंगाट, कुठेतरी जाहिरातीचं गाणं. दुकानाच्या त्या टोकाला दादा हातातल्या काचेवर वाकला होता. धाकटीने फोन तोंडासमोर धरला. काय बोलावं सुचेना. मग सवयीनेच, आवाज न काढता, ओठ मोठे करून ती म्हणाली, "मुकादम आला, माग सोडून कुठं हिंडतोस?"

दादा हसला. नुसता हसला नाही, खो खो हसला. टीव्हीवालं जोडपं पुन्हा वळलं. त्याने फोन तोंडासमोर धरला आणि धाकटीला काचेत दिसलं त्याचं तोंड, आवाज न काढता हलणारं, "मुकादमाला सांग, चहा प्यायला गेलाय."

तेव्हा धाकटीला कळलं. चित्र फाटू नये म्हणजे काय, ते कळलं. लेकीचे ओठ त्याला बघायचे होते. एवढ्या वर्षांनी त्याला लेकीचं बोलणं ऐकायचं होतं, आणि हे तो कुणाला सांगणार नव्हता, मेला तरी. धाकटीने पदराने डोळे टिपले आणि पंख्याच्या वाऱ्यालाच शिव्या दिल्या.

"हाच," ती परत आल्यावर दादा म्हणाला. "पण हा दाखवायला ठेवलेला नको. कोरा, सीलबंद."

"अर्थात काका." टायवाला संगणकामागे गेला. आणि घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

कारण संगणकाचा पडदा नेमका त्याच्या नाकाखालपर्यंत येत होता. दादाला त्याचं नाक दिसत होतं, डोळे दिसत होते. तोंड पडद्याआड.

"काका, या मॉडेलचा सीलबंद पीस आत्ता नाहीये," टायवाला बटणं दाबत म्हणाला. "याच्याच सिरीजमधला देतो, जवळपास सेमच आहे. चालेल ना?"

दादाने मान हलवली.

"आणि एक वर्षाचं डॅमेज प्रोटेक्शन टाकतो. सगळेच घेतात."

दादाने मान हलवली. खात्यात हलवायचा तशी. बोल पुढे.

"एकदा सील फोडलं की बदलून मिळत नाही, हे माहीत आहे ना काका? ऑफर आहे म्हणून."

दादाने मान हलवली.

 धाकटीने काउंटरच्या अलीकडे हात नेला आणि तळहात खाली दाबला. थांबव. माग थांबव. पण दादाचे डोळे त्या पडद्यावर खिळलेले, पलीकडून ओठ कधी वर येतात याची वाट बघत. शेवटी तिला राहवलं नाही. "अहो, म्हणजे हा तो नव्हे का? आम्ही बघितला तो?"

"काकू, त्याच सिरीजचा," टायवाला गोड हसला.

दादाला धाकटीचे ओठ बाजूने हललेले मात्र दिसले. बहिणीने मध्ये तोंड घातलं, एवढंच त्याने पाहिलं. "धाकटे, मी बोलतोय ना?" तो म्हणाला. दुकानभर ऐकू गेलं.

ती गप्प बसली. आता यावर कुणी म्हणेल, बाई, तू ओरडायचं होतंस, त्याचा हात धरायचा होतास. म्हणणाऱ्याचं काय जातं! चार लोकांत सांगायचं काय, की हा मान हलवतोय पण याला एक अक्षर कळत नाहीये? आयुष्यभर गल्लीला पंखे निवडून देणाऱ्या माणसाबद्दल? तिने मनाची समजूत घातली, सिरीज एकच आहे म्हणतो, तर असेल तसाच.

खोकं आलं. दादाने ते उजेडात धरलं, चारी कडांवरून अंगठा फिरवला, सील नखाने चाचपलं. खोक्यावर तसाच फोन छापलेला, तसाच निळा रंग. नावापुढे दोन बारीक अक्षरं जास्त होती, ती कुणाला दिसणार? "बघ, सील शाबूत," तो धाकटीला म्हणाला आणि मग स्वतःच्या हाताने, जपून, सील फोडलं. पुढच्या दाराला कुलूप घालून माणूस निर्धास्त झोपला होता, आणि मागचं दार सताड उघडं.

घरी आल्यावर दादाने फोन टेबलावर मधोमध ठेवला आणि न्हाव्याला बोलावून दाखवला. न्हाव्याने मिशीला पीळ दिला. "दादा, तुम्हाला कोण फसवणार!"

रविवारी लेकीचा फोन आला. आधी काचेवर एक गोल चक्र फिरत राहिलं. मग लेक दिसली. केस कापले होते तिने. दादा एकदम पुढे सरकला. "अगं, केस!" तो ओरडला. लेक हसली आणि हसता हसता तशीच राहिली. तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले. आवाज पुढे गेला, चेहरा मागे राहिला. मग चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले, जुळले, पुन्हा फुटले. ओठांच्या जागी नुसता गुलाबी डाग.

"इतका का अडकतोय? कुठला घेतला गं आत्या?" लेकीने विचारलं. धाकटीने खोक्यावरचं नाव वाचलं, त्या दोन अक्षरांसकट. लेक म्हणाली, "तो नको होता घ्यायला. जुना आहे तो, फार हळू चालतो. तुमच्या गळ्यात मारलाय."

दादा मान हलवत होता. "हां, हां," तो म्हणाला. "नवा आहे. रुळेल."

दुसऱ्या दिवशी धाकटीने त्याला समोर बसवून, ओठ मोठे करून सांगितलं, दुसराच दिलाय. दादाने बिल वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. त्याच्या कपाळावरची शीर टरारली. काही न बोलता त्याने सदरा चढवला, फोन खोक्यात घातला आणि जिना उतरायला लागला. धाकटी पायात चपला अडकवून मागे धावली.

दुकानात टायवाला दिसला नाही. त्याच्याऐवजी मॅनेजर आला. गोरापान, थंड, नम्र. अशा माणसांवर ओरडताही येत नाही, तेच तर त्यांचं भांडवल.

"हा मी मागितला नव्हता!" दादाने खोकं काउंटरवर ठेवलं. "मी तो मागितला होता. तो!" त्याने शोकेसकडे बोट केलं.

मॅनेजरने बिल पाहिलं, खाली बघतच काहीतरी म्हणाला. दादाने मान हलवली. धाकटीला वाटलं, या मानेला आता कुणीतरी धरून ठेवा रे.

"बाई, यांना सगळं तोंडी समजावलं होतं," मॅनेजर तिच्याकडे वळला. "मॉडेल वेगळं आहे, सील फोडल्यावर परत नाही, सगळं. आमच्याकडे रेकॉर्डिंग असतं." त्याने काउंटरवरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला.

पडद्यावर तेच काउंटर होतं, वरून दिसणारं. मुकं चित्र. टायवाल्याचं डोकं, धाकटीचा अंबाडा, आणि दादा. आणि दादा मान हलवत होता. थांबून पुन्हा. पुन्हा. इस्त्रीचा सदरा घातलेला, ताठ उभा राहिलेला, दर वाक्याला मान डोलावणारा म्हातारा. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, केवढं समजून-उमजून घेतलंय गृहस्थाने! काउंटरच्या अलीकडे धाकटीचा हात दाबला जात होता, थांबव, थांबव. तोही दिसत होता. मॅनेजरला तो कळणार नव्हता.

दादाने वाकून स्वतःला पाहिलं. मग त्याने धाकटीकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं, त्याने पडद्यावरचा तिचा हातही पाहिलाय.

"मी हो नव्हतो म्हणालो," दादा म्हणाला. पहिल्यांदाच हळू आवाजात.

"काय म्हणाले?" मॅनेजरने धाकटीला विचारलं.

धाकटीने हात जोडले. "साहेब, बदलून द्या हो. वरचे पैसे भरू. त्यांना फक्त तो एक हवाय. त्यांची लेक लांब असते."

"माझ्या हातात असतं तर दिला असता. पण स्पष्ट संमती आहे, तुम्हीच बघितलंत."

स्पष्ट संमती! एकच वाक्य बोलायचं होतं. ते ऐकल्यावर कुणालाही पाझर फुटला असता, असं तिला वाटलं. पण दादा शेजारी उभा होता, तिच्या तोंडाकडे बघत. तिने पदर सावरल्यासारखं केलं, आणि वळली. दादाकडे पाठ केली.

"त्यांना ऐकू येत नाही हो," ती भरभर म्हणाली. "बिलकुल नाही. ती मान हलवतात ती नुसती सवय आहे, गिरणीची. त्यांना एक शब्द कळला नव्हता. पाया पडते, कुणाला सांगू नका."

मॅनेजरच्या चेहऱ्यावर खरंच काहीतरी हललं. वाईट माणूस नव्हता तो. म्हणूनच तर घात झाला. तो काउंटरवर वाकला, तिच्या खांद्यावरून थेट दादाच्या तोंडासमोर तोंड नेलं, आणि लहान मुलाशी बोलावं तसं, एकेक शब्द तोडून, ओठ मोठे करकरून म्हणाला, "आजोबा, तुम्हाला, ऐकू येत नाही, हे, आधी, सांगायचं ना!"

त्या मॅनेजरचं दादाला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत कळलेलं तेवढं एकच वाक्य.

टीव्हीपाशी उभी असलेली माणसं बघायला लागली. दादा धाकटीच्या पाठीकडे बघत होता. ती वळली नाही. वळायचं धाडस झालं नाही तिला.

"पण तरी बदलून मिळणार नाही," मॅनेजर तिला म्हणाला, खरोखर दुःखाने. "सिस्टीम घेतच नाही. तुम्हाला हवं तर वरती तक्रार करा, नंबर देतो. फोन करून बोलावं लागेल, ज्यांच्या नावावर बिल आहे त्यांनी स्वतः."

दादाने खोकं उचललं. झाकण नीट बसवलं. "चल," तो म्हणाला.

रस्त्याने दादा नेहमी धाकटीच्या जरा पुढे, तिरपा चालायचा, तिचं तोंड दिसावं म्हणून. आज सरळ समोर बघत चालला. ती दोनदा म्हणाली, "दादा, ऐक ना," आणि दोनदा तिचं तिलाच हसू आलं आणि रडू आलं. चुकलंच तिचं. आणि चुकूनही हाती काय आलं? तेलही गेलं, तूपही गेलं. न्हाव्याच्या दुकानावरून जाताना न्हाव्याने आतून हात केला. दादाने खोकं दुसऱ्या काखेत घेतलं.

त्या आठवड्यात दादा बोलला नाही असं नव्हे. जेवण झालं का, दूध आलं का, एवढं बोलायचा. पण उत्तराला थांबायचा नाही. विचारून मान दुसरीकडे. धाकटी पोळ्या घेऊन खाली यायची, ताट ठेवायची, त्याच्या समोर जाऊन उभी राहायची. तो पेपर वर धरायचा.

रविवारी फोन वाजला. चक्र फिरलं. लेक आली, गेली, आली. धाकटी मागे स्टुलावर बसली होती. दादा काचेवर इतका वाकला होता की त्याच्या श्वासाने काच धूसर झाली, ती त्याने बाहीने पुसली.

"बाबा, एक सांगायचंय," लेकीचा आवाज आला. काचेवर तिचा कालवलेला चेहरा होता, एक डोळा नीट, बाकी चौकोन. "रजा नाही मिळाली. यंदा यायला जमत नाही. मी खूप प्रयत्न केला बाबा. यंदा नाही भेटता येणार."

दादाने मान हलवली. चेहरा उजळून, दोन्ही हात टेबलावर ठेवून तो म्हणाला, "छान! छान झालं!"

 "छान?" लेक म्हणाली. मग, "बरं बाबा. ठेवते." काच काळी झाली.

दादा हसतच होता. हळूहळू ते हसू ओसरलं, कारण धाकटीचा चेहरा त्याला त्या काळ्या काचेत दिसला. तो मागे वळला. तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने उजवा हात उचलला, दोन बोटं ओठांना लावली आणि पुढे उघडली.

कळलं नाही. पुन्हा सांग.

गिरणी सुटल्यापासून त्याने ती खूण कुणाला केली नव्हती. वहिनीलाही नाही.

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. पुढल्या महिन्यात येते म्हणाली, असं सांगता आलं असतं. पण एवढ्या वर्षांनी त्याने हात उचलला होता. ती आवाज न काढता, ओठ मोठे करून म्हणाली, "यंदा यायला जमत नाही म्हणाली. रजा नाही."

दादाने ते वाचलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "आणि मी काय म्हटलं?"

"छान म्हणालास."

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, ते धाकटीला ऐकू येत होतं. दादाने टेबलावरचा फोन उचलला, तिच्या हातात दिला. "लाव तिला," तो म्हणाला. "सांग. तिकडे दुकानात सांगितलंस ना, तसं सांग." आणि तिला सोपं जावं म्हणून त्याने स्वतःच खुर्ची उचलली, फिरवली, आणि भिंतीकडे तोंड करून तिच्याकडे पाठ देऊन बसला.

धाकटीने त्याच्या पाठीकडे पाहिलं. सदऱ्याची शिवण खांद्यावर उसवली होती. तिने फोन लावला. चक्र फिरायला लागलं. ती उठली, स्टूल उचललं आणि खुर्ची आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत घातलं. अंग चोरून आत शिरली आणि त्याच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघे लागले इतकी जवळ.

"आत्या?" फोनमधून आवाज आला. रडून झालेला आवाज. "काय झालं?"

धाकटीने दादाच्या डोळ्यांकडे बघितलं आणि तोंड उघडून, एकेक अक्षर त्याला दिसेल असं, ती म्हणाली, "तुझ्या बाबांना ऐकू येत नाही गं. कधीपासूनच नाही."

दादा तिच्या ओठांकडे बघत होता. त्याने मान हलवली.